खालचं टोक

सत्तेचाळीस हा आकडा मी मोजून लिहिलेला नव्हता. शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात पंख्याखाली बसून, चहा गार व्हायच्या आत लिहून टाकला होता. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चौकशीला आलेल्या साहेबांना नाही, आणि ज्यांच्या वहीत तो लिहिला त्या अण्णांना तर नाहीच. अण्णा अजून आहेत. दर वर्षी मे महिन्यात त्यांचा फोन येतो, आणि मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं की आजही मी फोन दोन-तीनदा वाजू देतो.

आकडा कसला, ते कळायला आधी अण्णा कळायला हवेत.

एका दूध संघाच्या संगणक विभागात आम्ही दोघंच होतो. ते प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. ते हातकणंगल्याकडचे, जैन शेतकरी घरातले. मी शिवाजी पेठेतला, म्हणून ते मला नावानं हाक न मारता "काय पेठकर" म्हणायचे. उंच, वाळलेला माणूस. पांढरा शर्ट, आणि खांद्यावर गुंडाळलेली गवंड्याची नळी. भिंतीची पातळी बघायला गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, एवढंच तिचं शास्त्र. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, "पावणं, ऑपरेशन करायला चाललायसा व्हय?" अण्णा अगदी गंभीरपणे म्हणाले, "न्हाय, पत्ता द्यायला चाललोय."

ते खरंच पत्ताच द्यायला चालले होते.

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरची वजनाची आणि फॅटची मशीनं संगणकाला जोडायची आणि ते सगळे संगणक शाहूपुरीला जोडायचे, असं संघानं ठरवलं होतं. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला पत्ता लागतो. चार आकडे, मधे टिंबं. पहिले दोन आकडे आम्ही सगळ्यांना सारखे ठेवले. उरलेले दोन कसे द्यायचे ते आमच्यावर होतं. मी सरळ तक्ता करून नेला: तिसरा आकडा तालुक्याचा, चौथा अनुक्रमांक. मिटिंगमध्ये मॅनेजर साहेबांनी मान डोलावली. अण्णा तक्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तालुका कागदावर असतोय सायेब. पाण्याला तालुका कळत न्हाय."

"पाण्याचा इथं काय संबंध?"

"तिसरा आकडा नदीचा द्यायचा. चौथा आकडा, उन्हाळ्यात नदीचं पाणी असतंय तिथनं मशीनच्या टेबलापतोर किती हात चढ हाय, त्यो. पाणी चढाय लागलं की मशीनं खालनं वर एकेक बंद पडत जातील. पडद्याकडं बघून कळंल, आता कुणाची पाळी."

मॅनेजर हसायला लागले. "अण्णा, दुधात पाणी किती ते बघायचं मशीन हाय हे. दारात पाणी किती ते बघायचं न्हवं."

"दोन्ही बघूया की," अण्णा म्हणाले.

सगळे हसले, मीही हसलो. पण आकड्यांचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. "कसलं बी द्या, चाललं म्हंजे झालं," म्हणून मंजुरी मिळाली. माझा तक्ता मी घडी करून खिशात ठेवला. तो राग मनात होता का? असावा. आता खोटं बोलून काय उपयोग.

त्यानंतर दोन उन्हाळे आम्ही नदीकाठची गावं पालथी घातली. एक जण पाण्याकाठी नळीचं खालचं टोक धरून उभा, दुसरा वरचं टोक आणि हाताच्या खुणा केलेली काठी घेऊन चढावर. मोजून झालं की खालचा वर यायचा, वरचा आणखी वर जायचा, असं टप्प्याटप्प्यानं केंद्राच्या टेबलापर्यंत. अण्णांचे दोन नियम होते. पहिला: मोजायच्या आधी वरच्यानं ओरडून विचारायचं, "खाली कोण हाय?" आणि खालच्यानं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. त्याशिवाय नळीतल्या पाण्याकडं बघायचंही नाही. वहीत प्रत्येक गावाला एक पान, आणि पानावर आकड्याखाली दोन नावं. वरचं टोक, खालचं टोक.

"दिसतोय की मी तुम्हाला," मी वैतागून खालून ओरडायचो.

"दिसतंय ते ऱ्हाऊ दे. नाव सांगा. नाव सांगिटलं की माणूस टोक हालवत न्हाय."

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा, आणि तोच मी मोडला. गावात गेल्यावर नदी कुठं आहे ते अण्णा विचारत नसत. सगळ्यात म्हाताऱ्या बाईला गाठायचे, तिच्या उंबऱ्याशी बसायचे आणि म्हणायचे, "आक्का, पाणी कुठनं येतंय ह्या गावात?" बहुतेक वेळा ती नदीकडं बोट दाखवायचीच नाही. पाठीमागच्या ओढ्याकडं, पाणंदीकडं, कधी चक्क शेजारच्या शिवाराकडं दाखवायची. अण्णा तिथून मोजायचे. "नदी समोरनं येत न्हाय पेठकर. आपण समोर बघत बसतोय आन ती ओढ्यातनं उलटी परसात येती."

त्यांना हे कसं ठाऊक, ते त्यांनी एकदाच सांगितलं. संध्याकाळ व्हायच्या आत डबा खायचा त्यांचा रिवाज. आम्ही एका केंद्राच्या पायरीवर बसलो होतो. लहानपणी घरातले सगळे पुढच्या दारात उभे राहून नदी बघत होते, किती चढली, किती उतरली. थोरली बहीण तेवढी परसात चुलीपाशी होती. "पाण्याला आवाज नसतोय," ते म्हणाले. "आवाज माणसं करत्यात. आन आमी सगळी पुढच्या दारात बोलत उभी हुतो." मग डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्यानंतर कुठल्याही घरात गेलं की माझी नजर आधी मागच्या दाराकडे जायला लागली.

लोक त्यांना येडं म्हणायचे. मुलीसाठी स्थळ बघायला गेले, तिथंही नळी घेऊन. बाकीचे पाहुणे शेती किती, नोकरी कसली विचारतायत, आणि हे परसात जाऊन नवऱ्या मुलाला सांगतायत, "हे टोक धरा जरा. आन नाव सांगा." मुलाकडच्यांना वाटलं, प्लंबर बरोबर आणलाय. अडतीस हात भरले, आणि लग्न जमलं. मुलाचा बाप पुढं चार लोकांत सांगायचा, "आमचं घर अडतीस हाय," जणू काही पदवीच.

शेवटचं एक गाव राहिलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला दवाखान्यात होते. फोनवर म्हणाले, "एकट्याला जमायचं न्हाय. गावातला कोणतरी खालच्या टोकाला घ्या. आन आक्काला इचारल्याबिगर मोजू नगा." मी नळी स्कूटरच्या डिकीत कोंबली. निघालो नाही. त्या दिवशी दुपारी आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाची फायनल होती.

मी गावच्या केंद्राच्या सचिवाला फोन लावला. "नदी?" तो हसला. "नदी कुठं हाय हितं? मैलभर लांब हाय. आमचं गाव टेकाडावर हाय सायेब. तुमी कशाला उन्हातान्हात येताय?" मला हेच ऐकायचं होतं. टेकाड म्हणजे किती, याचा मनाशी अंदाज केला आणि लिहिलं: सत्तेचाळीस. पन्नास लिहिलं असतं तर अंदाज वाटला असता. वरचं टोक, माझं नाव. मग खालचं टोक. तिथं मी थांबलो, एवढं आठवतं. आमच्या गोलकीपरचं नाव विलास होतं, खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती, तिच्यावरचं आडनाव लोहार. विलास लोहार. वही मिटली आणि मॅचला गेलो. आम्ही जिंकलो. मी गुलालात नाचलो.

अण्णांनी परत आल्यावर पान बघितलं. "सत्तेचाळीस! भारी गाव हाय की." एवढंच. ते माझ्यावर विश्वास ठेवायचे, आणि पुढची काही वर्षं ते विसरून जाण्याइतका मीही निवांत होतो.

मग तो पावसाळा आला. बातम्यांमध्ये काय दिसत होतं ते सगळ्यांनी पाहिलं असेल. मी पाणी पाहिलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यांत. अण्णांनी हट्टानं प्रत्येक केंद्राला दिवसभर चालेल अशी बॅटरी दिलेली होती, त्यामुळे वीज गेली तरी ठिपका हिरवा राहायचा. तो गेला, की पाणी टेबलाला लागलं म्हणून समजायचं. सकाळी चौदा गेला. मग पंधरा. मग सतरा. अगदी क्रमानं. अण्णांनी फोन उचलला. "अठरा, तुमची पाळी. एक हात ऱ्हायलाय. जनावरं सोडा आन निघा." तासाभरात अठरा गेला. ऑफिसातले सगळे, मॅनेजरसुद्धा, आमच्या खोलीत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी हसत नव्हतं. ती पद्धत आकड्याआकड्यानं खरी ठरत होती, आणि जसजशी खरी ठरत होती तसतशी माझी नजर एकाच ठिपक्याकडे जात होती. कारण त्या पडद्यावर एक आकडा असा होता की ज्याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

बावीस म्हणजे एक लहानशी वस्ती. त्यांनी विचारलं, "जायाचं कुठं अण्णा?" अण्णांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "सत्तेचाळीसला जावा. जवळ हाय, आन त्याला पाणी शिवत न्हाय."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण खोली भरलेली होती, मॅनेजर उभे होते. सचिव म्हणालाच होता की टेकाड आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

वस्तीवरची एक म्हातारी दोन म्हशी सोडून निघायला तयार नव्हती. अण्णांनी फोन तिच्याकडं द्यायला लावला. "आक्का, डेअरीतला अण्णा बोलतोय. म्हशी घिऊन जावा की. तितं सत्तेचाळीस हात हाय. मोजल्यालं हाय." मोजलेलं आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ती निघाली.

दुपारी तीनच्या सुमाराला तेवीस गेला. अण्णा चोवीसला फोन लावायला यादी बघत होते, पण चोवीस नावाचं केंद्रच नव्हतं, पुढचं होतं सव्वीस. आणि मग सत्तेचाळीस गेला.

खोलीत कुणाच्या लक्षात आलं नाही. अण्णा मात्र उभे राहिले. "हे कसं?"

"बॅटरी उतरली असेल," मी म्हणालो.

"बॅटरी गेल्या म्हैन्यात बदललीया."

"मग लाइन तुटली असेल."

त्यांनी फोन लावला. लागेना. त्या बाजूला बोट एकच होती. तहसीलच्या माणसाचा फोन दुसऱ्या कानाला होता, तो विचारत होता, सव्वीसला पाठवू का सत्तेचाळीसला? अण्णा वळले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी ते जरा जवळ येऊन बघायचे, तसे माझ्या चेहऱ्याजवळ आले आणि हळू विचारलं, "पेठकर, तुमी स्वतः मोजलंसा न्हवं?"

मी म्हणालो, "हो. मोजलं."

त्यांनी बोट सव्वीसला पाठवली.

चाळीस मिनिटांनी कळलं. पाणी ओढ्यातून उलटं, केंद्राच्या पाठीमागून आलं होतं. माणसं केंद्राच्या छतावर चढली. म्हातारी मागच्या बाजूला बांधलेल्या म्हशी सोडायला गेली. म्हशी पोहत निघाल्या. ती आंब्याच्या झाडाला धरून होती. छतावरच्या लोकांना ती दिसत होती, बोलत होती. अर्धा तास, असं लोक म्हणाले. सव्वीसहून वळवलेली बोट पोचली तेव्हा ती झाडाशी नव्हती.

चौकशी झाली. अण्णांनी एकच वाक्य सांगितलं, "पद्धत माझी, वही माझी, आकडा माझा." त्यांना लवकर निवृत्त केलं. बाहेरच्या कंपनीनं येऊन सगळ्या मशीनांना नवे पत्ते दिले, तालुक्याप्रमाणे. माझाच जुना तक्ता, जवळजवळ. मला त्या कामासाठी शाबासकीचं पत्र मिळालं.

अण्णांनी मला एक शब्द विचारला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही. विचारला. ऑफिस सोडायच्या दिवशी वही उघडून ते पान पुढं केलं आणि म्हणाले, "हा विलास लोहार, कसा हुता माणूस?"

वाटलं, कळलं. आणि त्या भीतीत मी त्याला एक चेहरा दिला. मध्यम उंची, म्हणालो. डोक्याला टोपी. बोलायला मऊ. तोंडातून शब्द निघत गेले आणि तो माणूस माझ्यासमोर तयार होत गेला.

अण्णांनी मान हलवली. "भला माणूस असणार. त्यानं टोक नदीकडं धरलं, ओढ्याकडं न्हाय. त्याची काय चूक? त्याला कोण सांगिटलं हुतं? पण त्याला आता वाटत असंल, माज्यामुळं बाई गेली. त्याला झोप लागत नसंल पेठकर. त्याला गाठून सांगाय पायजे, तुजी चूक न्हाय म्हणून."

तेव्हापासून दर मे महिन्यात ते त्या गावी जातात. नळी घेऊन. आणि मला बरोबर घेऊन, कारण मीच एकटा विलास लोहारला ओळखतो.

पहिल्या वर्षी गावातल्या चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं. टपरीवाला म्हणाला, "विलास लोहार? लोहाराची दोनच घरं हायत, त्यात विलास न्हाय. काय पोरगी द्यायचीया काय त्येला?" बाकडावरचे खिदळले. अण्णा म्हणाले, "न्हाय. त्याला एक सांगायचं हाय." मग दोन्ही लोहारांच्या घरी गेले. एका घरातली बाई विचार करून म्हणाली, "आमच्याकडं पावणं लई येत्यात. कोणतरी पावणा असंल." अण्णांना तेवढा धागा पुरला. पुढच्या वर्षी शेजारच्या गावात. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी पलीकडं. मी प्रत्येक वेळी त्यांच्या मागं उभा. प्रत्येक दारात अण्णा वळून मला म्हणतात, "बघा, ह्यो का?" आणि आतून एक माणूस बाहेर येतो, आणि मी त्याचा चेहरा बघून "नाही" म्हणतो. त्या वेळी मला जी भीती वाटते ती सांगता येणार नाही. वाटतं, एखाद्या दारातून तो खरंच बाहेर येईल. मध्यम उंचीचा, टोपी घातलेला, मऊ बोलणारा. आणि म्हणेल, हो, ह्यांनी मला ओळखलंय.

परत येताना ते केंद्रावर थांबतात आणि ओढ्यापासून पुन्हा मोजतात. त्या आकड्याचा आता कुठल्याच मशीनला उपयोग नाही. वहीत सत्तेचाळीस खोडलेला आहे, शेजारी चोवीस लिहिलेला आहे आणि त्याखाली दर वर्षीची तारीख. खालच्या टोकाला नेहमी ते स्वतः उतरायचे. मला वर ठेवायचे.

ह्या मे महिन्यात फोनवर म्हणाले, "पेठकर, गुडघं गेलं. ह्या वक्ताला मी वर थांबतो. खालचं टोक तुमी धरा."

ओढा आटलेला होता. खाली जरासं डबकं, त्यात शेवाळ. मी नळीचं टोक धरून उभा राहिलो. वर चढावर, पहिल्या टप्प्याला अण्णा उभे, पांढरा शर्ट तेवढा दिसत होता. आंब्याचं झाड माझ्या डाव्या हाताला, सहा-सात पावलांवर होतं. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी नळीतल्या पाण्याकडे बघत होतो. पाणी हलत होतं.

"खाली कोण हाय?" अण्णा ओरडले.

माझी नजर झाडाकडे गेली.

"खाली कोण हाय? नाव सांगा!"

मी माझं नाव सांगितलं. मोठ्यानं, नियमाप्रमाणे. मग वरून आवाज आला, "आता टोक थांबलं बघा." त्यांनी काठीवर बघितलं. टप्प्याटप्प्यानं केंद्राच्या टेबलापर्यंत पोचल्यावर वही गुडघ्यावर ठेवून चोवीस लिहिलं आणि खालचं टोक म्हणून माझं नाव लिहिलं. परत जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी पन्हाळ्याच्या बाजूला बघू, तिकडं लोहारांची बरीच घरं आहेत.

मी "बरं" म्हणालो.

त्यांचं माझ्याकडं एवढंच राहिलं आहे. समोर बसून त्यांना सांगायचं, की विलास लोहार नावाचा कुणी माणूस नव्हता, त्या दिवशी नळी माझ्या डिकीत होती, आणि बोट सव्वीसला गेली ती मी खोटं बोललो म्हणून. त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे. मी अजून सांगितलेलं नाही.